चाकाशिवाय मडकं: वळ्या, ओल आणि वारा

गुहागरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. चाक नाही, घ्यायचा विचारही नाही. मातीच्या वळ्या, म्हणजे क्लासवाले ज्याला कॉइल म्हणतात त्या, एकावर एक रचून भांडी करायला त्या घरच्या घरी शिकतायत. आतापर्यंत तीन झाली. पहिलं वाळताना वळ्यांच्या सांध्यावर उकललं. दुसऱ्याचं पोट रचता रचताच खाली बसलं. तिसरं खडखडीत वाळलंय असं वाटलं म्हणून सप्टेंबरात, पावसाची उघडीप बघून, परसात शेणींमध्ये भाजलं, तर फटाफट फुटून त्याचे पापुद्रे झाले. विचारतायत की अंगणातली लाल माती चालेल का, गणपतीच्या शाळेत उरलेली शाडू चालेल का, आणि नेमकं चुकतंय काय?

ताई, तिन्ही भांडी एकाच रोगाने गेली आहेत. पहिल्यात खालची वळी सुकली होती आणि वरची ओली होती. दुसऱ्यात खालची इतकी ओली होती की वरचं वजन तिला पेललं नाही. तिसऱ्यात भिंतीच्या आत पाणी शिल्लक होतं, बाहेरून दिसत नव्हतं एवढंच. वळी वळायला फार दिवस लागत नाहीत. जिला कडबोळी वळता येतात तिला त्यात मी काय शिकवणार? ओल कळायला मात्र दोन-तीन पावसाळे जातात, आणि इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेच्या गावात केलेले असतात. त्यातलं ‘दोन तास थांबा’ आपल्याकडे जुलैत दोन दिवस होतं आणि जानेवारीत दुपारी अर्धा तास. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला बावीस वर्षं हे काम करतेय, तरी अजून घड्याळ बघून काम करत नाही. बोट लावून बघते.

आधी मातीचं बघू.

अंगणातली लाल माती जांभ्याची. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन काढलेला खडक. त्यातली बरीचशी सिलिका वाहून गेली, मागे उरले ते मुख्यतः लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. रंग झकास, पण अंगात चिकटपणा नाही. ती भिजवून करंगळीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. वेढा पुरा व्हायच्या आत ती तडकेल. भांड्याला नको, पण टाकूनही देऊ नका. वस्त्रगाळ करून ठेवली तर भांड्यावर लाल लेप द्यायला फार छान. आपल्याकडच्या जुन्या देवळांवर कावी नक्षी असते, तिचा तांबडा रंग म्हणजे ही जांभ्याचीच काव.

शाडू मूर्तीची माती आहे. हाताला रेशमासारखी लागते, वळ्या वळायचा सराव करायला चालेल. पण वाळल्यावर ठिसूळ होते, आणि शाळेतली उरलेली माती म्हणजे त्यात काथ्या, कागदाचा लगदा, काय काय मिसळलेलं असतं. त्याच शाळेत प्लॅस्टरच्या मूर्तीही होत असतील तर ती अजिबात आणू नका. प्लॅस्टरचा गव्हाएवढा खडा मातीत राहिला तरी भाजल्यावर तेवढ्या जागी भांड्याचा टवका उडतो.

हवी ती माती भाताच्या खाचरात मिळते. कापणी झाली की मालकाला विचारून एका कोपऱ्यात दीड-दोन हात खणा. वरचा मुळांचा थर सोडला की खाली राखाडी किंवा पिवळट, फावड्याने कापली की कापल्या जागी चकाकणारी माती लागते. तीच बोटाभोवती गुंडाळून बघा, तडकली नाही तर पोतं भरा. खाडीलगतच्या खाजणातली मात्र नको. एक म्हणजे तिच्यात मीठ असतं, ते वाळताना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतं आणि भांड्यावर पांढरी खपली धरते. दुसरं म्हणजे शिंपल्या आणि कालवांचा चुरा. साधारण ८५० अंशांच्या आसपास भाजला की शिंपल्याचा कळीचा चुना होतो. आपल्याकडे चुना याच रीतीने भाजत. मग तो भांड्याच्या भिंतीत बसल्या बसल्या हवेतली ओल पितो, फुगतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी वरची माती उडवतो. भट्टीतून सुखरूप निघालेलं भांडं फळीवर ठेवल्या जागी टपोरे खड्डे दाखवायला लागलं की समजावं, माती किनाऱ्याची होती. याच कारणासाठी मातीत समुद्राची वाळूसुद्धा घालू नका.

आणलेली माती ओली असताना पाण्यात टाकू नका. ही चूक सगळे करतात, मीही केली. ओलं ढेकूळ पाण्यात आठवडाभर तसंच बसून राहतं. तेच उन्हात पूर्ण सुकवून टाकलं तर बुडबुडे सोडत तासाभरात आपलं आपण विरघळतं. मग मच्छरदाणीच्या जाळीतून गाळा, वरचं पाणी दोन दिवसांनी ओतून टाका आणि खालचा दाट चिखल जुन्या सुती साडीत बांधून चक्क्यासारखा टांगा.

त्यात भर घालायची कौलांची. वळ्यांच्या भांड्याला नुसती मऊ माती चालत नाही, तिच्यात थोडा रवाळपणा लागतो. स्टुडिओत याला ग्रॉग म्हणतात आणि पैसे देऊन घेतात. आपल्याकडे प्रत्येक घरामागे फुटक्या मंगलोरी कौलांचा ढीग असतो. ती कौलं म्हणजे भाजलेली मातीच. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून ती किनाऱ्यावर पसरत गेली, आणि आमच्याकडच्या कुंभारांचं हाताने नळे करायचं काम त्यांनीच मोडलं. तेव्हा आता त्यांनी थोडी परतफेड करायला हरकत नाही. कौलं पोत्यात घालून कुटा, रव्याच्या चाळणीतून काढा आणि चार वाट्या मातीला एक वाटी भुकटी मळून घ्या. नाकातोंडाला फडकं बांधा, ती धूळ छातीला वाईट. हे कण एकदा भाजून आकसलेले असल्याने पुन्हा आकसत नाहीत, आणि भिंतीतल्या पाण्याला बाहेर पडायला त्यांच्या कडेकडेने वाट मिळते. तुमचं तिसरं भांडं कदाचित एवढ्यानेच वाचलं असतं.

मळताना उकड मळतो तसं तळहाताच्या टाचेने रेटा, दुमडू नका. दुमडलं की आत हवा अडकते. मधे तारेने गोळा कापून बघायचा. कापल्या जागी भोकं दिसली तर अजून मळा. नंतर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जमेल तितके दिवस ठेवा. शिळी माती ताजीपेक्षा केव्हाही चांगली.

आता रचणं. बूड भाकरीसारखं थापा, बोटाच्या पेराच्या निम्मं जाड, आणि थापून झालं की लाकडी पळीने दोन्ही बाजूंनी चांगलं ठोका. न ठोकलेल्या बुडाला वाळताना मधोमध चीर जाते. खाली वर्तमानपत्राचा कागद घाला. माती वाळताना आकसते, कागदही तिच्याबरोबर सरकतो. पाटाला चिकटून बसलेलं बूड सरकायला जागा न मिळाल्याने फाटतं. गोल बुडाचं मडकं करायचं असेल तर जुन्या परातीत फडकं घालून त्यात बूड बसवा, आणि बाहेर काढल्यावर चुंबळीवर ठेवा.

वळी करताना बोटं वापरू नका, तळहात आणि बोटांची मुळं वापरा. आधी हवेत दोन हातांत दाबत जाडसर दोरखंड करायचा, मग तो फळीवर टाकून मधून कडेकडे हात पसरत लाटायचा. गुळगुळीत फरशीवर वळी फिरत नाही, घसरते आणि चपटी होते. चपटी झालेली लाटत राहिलात तर आतून पोकळ होते. पाठ न घासलेली लाकडी फळी किंवा ओलसर गोणपाट घ्या. लाटताना वळी सारखी तडकायला लागली तर माती कोरडी आहे. पाण्याचा हात लावून ते निस्तरत नाही, गोळाच परत मळावा लागतो. जाडी अंगठ्याएवढी असू द्या. नवी माणसं सुतळीसारख्या वळ्या करतात, दिसायला नाजूक वाटतं म्हणून. तेवढे सांधे वाढतात, तेवढ्या चिरा वाढतात. जोडल्यावर, दाबल्यावर अंगठ्याएवढ्या वळीची भिंत आपोआप निम्मी होते.

वळी बुडावर ठेवली, टोकं तिरकी कापून एकमेकांवर चढवली, की खरं काम. डावा हात बाहेरून आधाराला. उजव्या अंगठ्याने आतल्या बाजूला वरच्या वळीची माती खालच्या वळीवर ओढून आणायची, लोणी फासतो तशी नाही, जोर लावून, अंगठ्याचा ठसा उठेल अशी. ठसा ठशाला भिडला पाहिजे, मधे जुनी रेघ दिसता कामा नये. एक फेरा झाला की बाहेरून खालची माती वर ओढायची. बाहेरून वळ्या दिसत राहिल्या तर छान दिसतात, नक्षी म्हणून ठेवा, पण आतून एकही सांधा ठेवू नका. पहिल्या भांड्यात तुम्ही वळ्या बहुतेक नुसत्या एकमेकींवर बसवल्यात आणि बोटाने वरवर सारवल्यात. सारवलेलं वाळताना उघडं पडतं. पुढच्या वळीचा जोड मागच्या जोडावर येऊ देऊ नका, भिंत बांधणारा गवंडी चिऱ्यांचे सांधे जसे चुकवतो तसे चुकवायचे.

दोन्ही वळ्या मऊ असतील तर मधे पातळ चिखल लावायची गरज नाही, उलट त्याने सांधा घसरतो. खालची कड घट्ट झाली असेल तर मात्र काट्याच्या चमच्याने तिला ओरखडे काढा, दाट चिखल भरा आणि मगच वरची बसवा.

आकार सगळा वळी कुठे ठेवता त्यावर. खालच्या कडेच्या किंचित बाहेर ठेवली की पोट सुटतं, आत ठेवली की गळा आवळतो. पोट सुटतंय तिथेच भांडी बसतात, तुमचं दुसरं तिथेच बसलं. उपाय एकच, थांबायचं. तीन-चार वळ्या झाल्या की हात धुवा. वरच्या कडेवर ओलं फडकं ठेवा म्हणजे ती पुढच्या वळीसाठी मऊ राहील, आणि खालची भिंत उघडी ठेवा. ती अर्धवट वाळलेल्या आंबापोळीसारखी झाली पाहिजे, वाकवली तर लवते, बोटाला चिकटत नाही. क्लासमध्ये याला लेदर-हार्ड म्हणतात. आंबापोळी ज्याने घातलीय त्याला ते जास्त नेमकं कळतं. मग पुढच्या तीन वळ्या. दोन वीत उंचीचं भांडं असं चार-पाच दिवस चालतं. घाई असेल तर सोलकढीच्या वाट्या करा, त्या मोदकाच्या पारीसारख्या नुसत्या चिमटीतही होतात.

भिंत आंबापोळीला आली की तिला चोपता येतं, आणि मला विचाराल तर वळ्यांच्या कामातला हाच सगळ्यात गोड भाग. आत डाव्या हातात गोल गुळगुळीत गोटा, बाहेर उजव्या हातात फळीचा तुकडा. गोटा आणि फळी समोरासमोर आली पाहिजेत. सांधा दाबला जातो, भिंत पातळ होते, पोट गोल होत जातं. ओलं असताना फळी चिकटते म्हणून तिला राख लावायची. आवाजावरून कळतं. भद्द आवाज आला तर अजून थांबा, टणक आला तर उशीर झाला.

चाक नाही म्हणून हे कमी दर्जाचं काम समजू नका. मणिपूरमधल्या आंद्रोच्या बायका चाकाशिवाय घडवतात. कोरियात किमचीचे मोठे रांजण जाड वळ्यांनीच उभे राहतात. नायजेरियाच्या लाडी क्वाली हाताने, वळ्या चढवत मोठे घडे करत, आणि त्या देशाच्या २० नायराच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. आपल्याकडे तर पुष्कळ ठिकाणी कुंभाराघरच्या बाईने चाकाला शिवायचं नाही अशी रीत. माती आणणं, मळणं, चोपणं, रंगवणं मात्र तिच्याकडे. वळ्यांना असली कुठली अट नाही.

आता वाळवणं, ज्यासाठी एवढं लिहायला बसले.

माझा पहिला मोठा डेरा, कंबरेएवढा, मी नऊ दिवस रचला आणि ओटीवर ठेवला. महिना डिसेंबर, घराचं तोंड समुद्राकडे. तिसऱ्या दिवशी काठापासून पोटापर्यंत सरळ चीर, इतकी रुंद की तिच्यातून पलीकडचा माड दिसत होता. आमच्या वाडीतली कुंभारीण आजी आली, तिने डेऱ्याकडे बघितलंही नाही. ती ओटीच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “गो, वारो खंयसून येता तां बघ आदी.” चीर समुद्राच्या बाजूलाच होती. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई वारा जमिनीकडून. खाऱ्या वाऱ्यात दमटपणा असला तरी तो सारखा वाहत असतो, आणि दुपारचं ऊनही त्याच बाजूला. एका बाजूची भिंत वाळून आकसली, दुसरी अजून ओलीच. मधे माती फाटणार नाही तर काय?

तेव्हापासून माझी भांडी माजघरात वाळतात, खाली दोन पट्ट्या घालून, म्हणजे बुडालाही हवा लागते. पहिले तीन-चार दिवस वरून सैल प्लॅस्टिक. काठ आणि कान आधी वाळतात म्हणून त्यांच्यावर जास्तीचं फडकं. रोज सकाळी पाव फेरा फिरवायचं. किती आकसतं ते एकदा मोजून ठेवा. त्याच मातीची पट्टी करा, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, वाळल्यावर आणि भाजल्यावर परत मोजा. बहुतेक मातींत ती भाजून होईतो साधारण ९ सेंटिमीटरवर येते. म्हणजे ३० सेंटिमीटरचं भांडं हवं असेल तर ३३-३४ चं रचायला लागतं.

जून ते सप्टेंबर रचा हवं तेवढं, भाजू नका. त्या हवेत भांडं वाळत नाही, हवेइतकं ओलं होऊन थांबतं. रंग फिका होतो, हाताला कोरडं लागतं आणि आपण फसतो. गालाला लावून बघा. गार लागलं तर आत पाणी आहे. तुमचं तिसरं गालाला गारच लागलं असतं. १०० अंशांना त्या पाण्याची वाफ झाली, तिला निघायला जागा नव्हती, तिने भिंतीचे पापुद्रे काढले.

भाजायला दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस धरा. आदल्या दिवशी भांडी उन्हात, मग चुलीच्या वैलावर मंद आचेजवळ चार-पाच तास, अधूनमधून फिरवत. हे सोडू नका. मग गुडघाभर खड्डा, तळाला भाताचं तूस आणि शेणी, त्यावर भांडी उपडी, त्यांच्याभोवती परत शेणी, वर नारळाची सोडणं आणि झावळ्या. आग वरून लावायची म्हणजे ती हळूहळू खाली उतरते. काजूच्या टरफलांना मात्र हात लावू नका. जळतात छान, पण त्यातल्या तेलाने कातडी भाजते आणि धूर डोळ्यांना, घशाला सोसत नाही. शेजारी गवताची उडवी नाही ना, तेही बघा. संध्याकाळी पेटवा. अंधारात शेणींमधून भांडं गडद लाल दिसलं की ६०० अंशांच्या आसपास पोचलात, आणि माती आता पाण्यात परत विरघळणार नाही. ५७३ अंशांना मातीतली गारगोटी एकदम आकार बदलते, चढताना आणि उतरतानाही. म्हणून सकाळी घाई करून राख उकरायची नाही. दुपारपर्यंत हात लावू नका.

असं भांडं सच्छिद्र असतं. पाण्याला उत्तम, झिरपतं म्हणूनच गार करतं. माशांचं कालवण करायचं असेल तर आधी दिवसभर पाण्यात बुडवा, मग त्यात तांदळाची दाट पेज मंद आचेवर तासभर उकळा आणि तशीच रात्रभर ठेवा. पिठूळपणाने छिद्रं बुजतात. चकाकीसाठी कुठलंही रंगाचं किंवा ग्लेझचं डबडं आणून फासू नका. कमी आचेच्या जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं आणि कोकमाच्या आंबटाने ते जेवणात उतरतं.

तिसऱ्या भांड्याचे तुकडे अजून परसात असतील तर त्यातला एक आज रात्री पाण्यात टाकून ठेवा. सकाळी चिखल झालेला दिसला तर ते आच चढायच्या आधीच फुटलंय. सगळे तुकडे भिजवा, मळा, माती परत मिळाली. टणक राहिला तर ते भाजलं गेलंय. तसं असेल तर कौलं शोधायला जाऊ नका, हेच कुटा.